पत्ता की अंतर? स्प्रेडशीटमधील सूत्रांची गोष्ट

वार्षिक परीक्षा संपली की शाळाशाळांतून निकालपत्रकांची धांदल सुरू होते. पूर्वी हे काम आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या मोठ्या कागदावर चालत असे. आता ते बहुतेक ठिकाणी संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये चालते. असेच एक निकालपत्रक डोळ्यांसमोर आणू या. उभ्या रकान्यांना ए, बी, सी, डी अशी इंग्रजी अक्षरे आहेत, आडव्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक आहेत. रकाना आणि ओळ जिथे एकमेकींना छेदतात त्या चौकोनाला आपण बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे 'घर' म्हणू.

पहिल्या ओळीत मथळे आहेत. दुसऱ्या ओळीत कमाल गुण लिहिले आहेत आणि तिसऱ्या ओळीपासून विद्यार्थ्यांची नावे सुरू होतात. 'डी' रकान्यात एकूण गुण आहेत आणि 'ई' रकान्यात टक्केवारी काढायची आहे. डी२ या घरात ६०० हा आकडा आहे. डी३, डी४ आणि डी५ या घरांत पहिल्या तीन विद्यार्थ्यांचे ४३२, ३९६ आणि ४६८ असे गुण आहेत. आपण ई३ या घरात सूत्र लिहितो:

=डी३/डी२*१००

उत्तर येते ७२. अगदी बरोबर. मग तेच सूत्र आपण खालच्या घरांमध्ये उतरवतो. दुसऱ्या विद्यार्थ्यासमोर ९१.६७ टक्के येतात आणि तिसऱ्यासमोर ११८.१८ टक्के. तिसरा आकडा पाहून आपण दचकतो, कारण शंभरपेक्षा जास्त टक्के कुणालाच मिळू शकत नाहीत. पण दुसऱ्याचे काय? त्याला खरे तर ६६ टक्के आहेत. त्याचा ९१.६७ हा आकडा दिसायला अगदी सरळ आहे. तिसऱ्या विद्यार्थ्याला योगायोगाने जास्त गुण नसते, तर हे निकालपत्रक कदाचित तसेच पुढे गेले असते.

चूक नेमकी कुठे झाली? ई४ वर जाऊन पाहिले तर तिथे =डी४/डी३*१०० असे सूत्र दिसते. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या गुणांना कमाल गुणांऐवजी पहिल्या विद्यार्थ्याच्या गुणांनी भागले गेले आहे. आपल्याला डी४ हवाच होता, पण डी२ जागचा हलायला नको होता. संगणकाला हे कसे कळावे? हा साधा प्रश्न सोडवण्याचे निरनिराळे प्रयत्न म्हणजेच स्प्रेडशीटमधील पत्त्यांचा इतिहास आहे.

फळा, खडू आणि डस्टर

'स्प्रेडशीट' हा शब्द संगणकाहून जुना आहे. हिशेबनीस मंडळी समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या रुंद तक्त्याला हे नाव देत. असा तक्ता संगणकाकडून सोडवून घेता येईल, हा विचार हिशेबशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड मॅटेसिच यांनी १९६१ मध्ये मांडला होता. १९६९ मध्ये रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी 'लॅनपार' नावाची प्रणाली तयार केली आणि काही मोठ्या कंपन्या अंदाजपत्रकांसाठी ती वापरू लागल्या. पण हे सारे मोठ्या सामाईक संगणकांवर चालत असे. सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत ते पोचले नव्हते.

ते काम एका विद्यार्थ्याने केले. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हा तरुण हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. वर्गात फळ्यावर आकड्यांचे मोठे तक्ते मांडले जात. त्यांतला एक आकडा बदलला किंवा चुकला, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून नव्याने लिहावे लागत. फळ्यावर गणित शिकवणाऱ्या कुणालाही ही कटकट सांगायला नको. एक आकडा बदलताच बाकीचे आपोआप बदलतील असा फळा असता तर, अशी कल्पना ब्रिकलिनच्या मनात आली. त्याने ॲपल-२ या छोट्या संगणकावर एक कच्चा नमुना तयार केला. त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने मूळ आज्ञावली लिहून काढली. १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' या नावाने ती बाजारात आली.

इथे पत्त्यांचा प्रश्न उभा राहतो. फळ्यावर शिक्षक बोट ठेवून म्हणतात, "हा आकडा भागिले हा आकडा." संगणकाला हे 'हा' कसे सांगायचे? त्या काळच्या आज्ञावल्यांमध्ये प्रत्येक राशीला आधी एक नाव द्यावे लागे आणि मग त्या नावांनी सूत्र लिहावे लागे. शंभर घरे असली तर शंभर नावे! व्हिजिकॅल्कमध्ये नाव देण्याची गरजच उरली नाही, कारण घराची जागा हेच त्याचे नाव झाले. अक्षर आणि अंक यांच्या जोडीने जागा सांगण्याची रीत शहरांच्या नकाशांतून आणि बुद्धिबळाच्या पटावरून लोकांच्या परिचयाची होतीच. त्यामुळे संगणक कधी न पाहिलेल्या माणसालाही बी७ म्हणजे कुठले घर हे लगेच कळे. शिवाय सूत्र लिहिताना पत्ता टंकित करण्याऐवजी बाणाच्या कळीने त्या घरावर जाऊन 'हा' असे दाखवताही येई. ॲपल-२ च्या कळफलकावर डावा आणि उजवा असे दोनच बाण होते. म्हणून वर-खाली जायचे असले तर आधी स्पेसची लांब कळ दाबून दिशा पालटावी लागे!

व्हिजिकॅल्कचा तक्ता ६३ रकाने आणि २५४ ओळींचा होता. ए ते झेड ही २६ अक्षरे संपली की पुढे एए, एबी असे चालू होई आणि शेवटचा रकाना 'बीके' असे. विद्यार्थ्यांना हे पडताळून पाहायला सांगावे: बी म्हणजे २, के म्हणजे ११, आणि २ × २६ + ११ = ६३.

आधी कोण, नंतर कोण?

पत्ते मिळाले की लगेच दुसरा प्रश्न येतो. एका घरातील सूत्र दुसऱ्या घराकडे बोट दाखवते आणि ते दुसरे कदाचित तिसऱ्याकडे. मग गणिते कोणत्या क्रमाने करायची? व्हिजिकॅल्क ठरलेल्या क्रमाने, रकान्यामागून रकाना किंवा ओळीमागून ओळ, घरे सोडवत जाई. वरच्या घरातील सूत्राने खालच्या, अजून न सोडवलेल्या घराचा आकडा मागितला, तर त्याला जुनाच आकडा मिळे. अशा वेळी उद्गारचिन्हाची कळ दाबून तक्ता पुन्हा सोडवायला लावावा लागे, कधी कधी दोन-तीनदा.

यावरचा उपाय असा, की क्रम जागेवरून न ठरवता अवलंबनावरून ठरवायचा. ज्या घराचा आकडा दुसऱ्याला लागतो ते घर आधी सोडवायचे, मग ते तक्त्यात कुठेही असो. लॅनपारमध्ये ही सोय १९६९ मध्येच होती. पार्डो आणि लँडाऊ यांना तिचे पेटंट मिळवण्यासाठी मात्र दीर्घ कायदेशीर लढा द्यावा लागला. ते १९८३ मध्ये मिळाले. त्याच वर्षी बाजारात आलेल्या 'लोटस १-२-३' मुळे ही पद्धत घरोघरीच्या संगणकांवर रुळली.

उतरवताना काय बदलावे?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सूत्र एका घरातून दुसऱ्या घरात उतरवले की त्यातील पत्त्यांचे काय व्हावे? व्हिजिकॅल्कने हा निर्णय वापरणाऱ्यावरच सोपवला होता. सूत्र उतरवायची आज्ञा दिली की त्यातील प्रत्येक पत्त्यापाशी थांबून संगणक विचारी: याच्यात बदल करायचा नाही, की हा सापेक्ष धरायचा? 'एन' ही कळ दाबली तर पत्ता कायम राही आणि 'आर' दाबली तर तो सूत्राबरोबर सरके. आपल्या उदाहरणात डी३ साठी 'आर' आणि डी२ साठी 'एन' असे उत्तर द्यावे लागले असते. ही पद्धत विचार करायला लावणारी होती, पण कंटाळवाणीही होती. आणि तिच्यात एक उणीव होती. दिलेले उत्तर सूत्रात कुठेच नोंदले जात नसे. पुन्हा उतरवायचे म्हटले की तीच प्रश्नोत्तरे पुन्हा करावी लागत.

१९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मल्टिप्लॅन' आणले. त्यात रकान्यांनाही क्रमांकच होते. दुसऱ्या ओळीतील चौथ्या रकान्याचे घर म्हणजे आर२सी४. इथे 'आर' म्हणजे ओळ आणि 'सी' म्हणजे रकाना. पण या पद्धतीचा खरा विशेष वेगळाच होता. पत्त्याऐवजी अंतर लिहायचे असले तर ते चौकटी कंसात लिहीत. आपले चुकीचे सूत्र या लिपीत असे दिसते:

आरसी[-१]/आर[-१]सी[-१]*१००

म्हणजे 'याच ओळीत डावीकडचे घर, भागिले एक ओळ वर आणि एक रकाना डावीकडे असलेले घर'. हे वाचताक्षणी चूक ध्यानात येते. कमाल गुण 'माझ्या एक ओळ वर' आहेत हे फक्त पहिल्या विद्यार्थ्यापुरते खरे आहे! बरोबर सूत्र असे होईल:

आरसी[-१]/आर२सी४*१००

या लिपीची गंमत अशी की सूत्र चाळीस ओळींत उतरवले तरी त्यातील एक अक्षरही बदलत नाही. चाळिसांच्या चाळीस घरांत तेच सूत्र असते. त्यामुळे मध्येच कुणी एखादे सूत्र बदलले असेल तर ते लगेच वेगळे दिसते. डी३, डी४, डी५ अशी लिपी वापरली की मात्र प्रत्येक ओळीतील सूत्र निराळे दिसते, जरी त्याचा अर्थ एकच असला तरी. म्हणजे दिसायला तो पत्ता असतो, पण वागायला ते अंतर असते. नव्याने शिकणाऱ्यांचा सारा गोंधळ या एका गोष्टीत आहे.

तरीही लोकांनी ए१ हीच लिपी उचलली. ती आटोपशीर आहे, पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या अक्षर-अंकांशी सरळ जुळते आणि कंसांतील उणे चिन्हांपेक्षा डोळ्यांना सोपी वाटते. मिच केपर आणि जोनाथन सॅक्स यांच्या लोटस १-२-३ ने ती आयबीएमच्या संगणकांवर सर्वदूर नेली. (केपर पूर्वी महर्षी महेश योगी यांच्या ध्यानपद्धतीचे शिक्षक होते. कंपनीचे 'लोटस' हे नाव त्यांनी पद्मासनावरून घेतले.) उतरवताना पत्ता हलू नये म्हणून लोटसमध्ये त्याच्यापुढे डॉलरचे चिन्ह लावत. $डी$२ म्हणजे रकानाही पक्का आणि ओळही पक्की. डी$२ म्हणजे ओळ पक्की, रकाना मोकळा. $डी२ म्हणजे याच्या उलट. या चिन्हाचा पैशाशी इथे काही संबंध नाही. ते जणू जमिनीत ठोकलेली खुंटी आहे. व्हिजिकॅल्कमध्ये सूत्र उतरवताना तोंडी दिल्यासारखा दिला जाणारा निर्णय आता सूत्रातच लिहिला जाऊ लागला आणि पुढच्या माणसाला वाचता येऊ लागला.

१९८५ मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सेल'ने ए१ आणि डॉलर हेच स्वीकारले. मल्टिप्लॅनची जुनी लिपीही त्यात पर्याय म्हणून ठेवलेली आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती एकदा सुरू करून पाहावी. आपले निकालपत्रक क्ष-किरणांखाली धरल्यासारखे दिसते.

शेवटच्या पाच ओळी

पत्त्यातील चूक निकालपत्रकापुरतीच राहते असे नाही. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि हार्वर्ड विद्यापीठातील केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. देशाचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेले की वाढीचा दर घसरतो, असे त्यात म्हटले होते. अशा प्रगत देशांचा सरासरी वाढीचा दर त्यांनी उणे ०.१ टक्के दिला होता. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणारे राजकारणी या निबंधाचा हवाला देऊ लागले.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी शिकत होता. एखाद्या प्रसिद्ध निबंधातील आकडे स्वतः काढून पडताळायचे, असा त्याच्या वर्गातला स्वाध्याय होता. त्याने हा निबंध निवडला, पण काही केल्या आकडे जुळेनात. अखेर त्याने लेखकांकडे मूळ स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती पाठवली. तीत वीस देशांची माहिती ३० ते ४९ या ओळींत होती. सरासरीचे सूत्र मात्र एल३० ते एल४४ एवढाच पल्ला घेत होते. ३० ते ४४ म्हणजे १५ ओळी. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबात आलेच नव्हते.

हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ मध्ये हे जाहीर केले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे सरासरी २.२ टक्के येत होती. सगळा फरक या पाच ओळींमुळे पडला होता असे नाही. सूत्राच्या पल्ल्यातील चुकीचा वाटा सुमारे ०.३ टक्क्यांचा होता. बाकीचा फरक काही वर्षांची माहिती वगळल्यामुळे आणि देशांना भार देण्याच्या पद्धतीमुळे होता, आणि त्यांवर दोन्ही बाजूंनी वाद झाला. पल्ल्यातील चूक मात्र मूळ लेखकांनी मान्य केली. आपला मुख्य निष्कर्ष त्यामुळे बदलत नाही असे त्यांचे म्हणणे होते.

कुठल्याही घरात काहीही विचित्र दिसत नव्हते, म्हणून ही चूक तीन वर्षे लपून राहिली. एल४४ या पत्त्याला तो कुठल्या देशाचा आहे आणि यादी अजून संपली की नाही, हे माहीत नसते. आपल्या शाळेतही हेच होते. वर्गाची सरासरी काढल्यानंतर एखादा विद्यार्थी नव्याने दाखल झाला आणि त्याचे नाव यादीच्या शेवटी लिहिले, तर तो सूत्राच्या पल्ल्यात येईलच अशी खात्री नसते.

ओळी संपल्या तेव्हा

पत्त्यांना आणखी एक मर्यादा आहे. त्यांची संख्या ठरलेली असते. एक्सेलच्या १९९७ ते २००३ या काळातील आवृत्त्यांत ६५,५३६ ओळी होत्या, म्हणजे दोनाचा सोळावा घात. ओळीचा क्रमांक सोळा बिटांत मावेल एवढाच ठेवला होता. २००७ पासून ही संख्या १०,४८,५७६, म्हणजे दोनाचा विसावा घात झाली. त्याच वेळी रकाने २५६ वरून १६,३८४ झाले. शेवटच्या रकान्याचे नाव 'एक्सएफडी' का, हे विद्यार्थ्यांनी आधीच्याच रीतीने काढून पाहावे.

पण जुन्या पद्धतीच्या फायली वापरात राहिल्याच. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या अहवालांची माहिती अशा जुन्या फायलींत भरली जात होती. ओळी संपल्यावर उरलेली माहिती गळून गेली. त्यामुळे १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर झाली नाही आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. ज्या ओळीला पत्ताच नाही, ती सूत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

पत्त्याऐवजी नाव

पत्त्याला अर्थ नसेल तर सूत्रात सरळ नावेच का वापरू नयेत? हा प्रयत्नही झाला. १९९१ मध्ये लोटस कंपनीनेच नेक्स्ट या संगणकासाठी 'इम्प्रूव्ह' नावाची प्रणाली आणली. तिच्यात 'नफा = विक्री - खर्च' अशा धर्तीवर सूत्रे लिहीत. जाणकारांनी तिचे कौतुक केले, पण ती टिकली नाही. कुठल्याही घरात काहीही लिहिण्याची मोकळीक सोडायला लोक तयार नव्हते. पुढे २००७ च्या एक्सेलमध्ये तक्त्याला आणि त्याच्या रकान्यांना नावे देऊन तीच नावे सूत्रात वापरण्याची सोय आली. अशा तक्त्याच्या शेवटी नवी ओळ लिहिली की तक्ता वाढतो आणि सूत्राचा पल्लाही वाढतो. राइनहार्ट-रोगॉफ यांच्यासारखी चूक टाळण्याचा हा एक चांगला मार्ग आहे. ब्रिकलिनने टाळलेली नावे अशी तीस वर्षांनी परत आली!

वर्गात करून पाहा

सापेक्ष आणि निरपेक्ष पत्ता समजावायला संगणकाची गरज नाही. वर्गातील प्रत्येक बाकावर एकेक आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवा. एका मुलीला लेखी सूचना द्या: 'तुझ्या पुढच्या बाकावरील आकड्याची दुप्पट कर.' आता तीच सूचना मागच्या रांगेतील मुलाला द्या. शब्द तेच, उत्तर वेगळे. मग सूचना बदला: 'पहिल्या रांगेतील दुसऱ्या बाकावरील आकड्याची दुप्पट कर.' ही चिठ्ठी वर्गात कुठेही फिरवली तरी उत्तर एकच. पहिली सूचना अंतर सांगते, दुसरी पत्ता. डॉलरचे चिन्ह नेमके कुठे लावायचे हे त्यानंतर मुलेच सांगतात.

आणि निकालपत्रक पुरे झाले की तीन गोष्टी जरूर करा. उतरवलेल्या सूत्रांपैकी सर्वांत शेवटच्या घरावर जा आणि तिथले सूत्र वाचा. मधल्या कुठल्याही एका विद्यार्थ्याची टक्केवारी कागदावर काढून ताडून पाहा. सरासरीच्या सूत्रातील ओळी मोजा आणि त्या हजेरीपटाशी जुळतात का ते बघा. या कामाला पाच मिनिटे पुरतात. ज्या मुलाला ६६ ऐवजी ९१.६७ टक्के मिळाले, त्याला ते नंतर परत घेतल्याचे सांगण्यापेक्षा ही पाच मिनिटे नक्कीच सोपी आहेत.